दोन्ही नावं एकाच बाईची

"मागच्या गेटनं कशाला आणलं?" बायकोनं विचारलं.

मी टेम्पोची चावी काढली. "गेट म्हणजे गेट. आत जायचंय ना तुला?"

"इथं संडासाची टाकी आहे."

"मग नाक धर."

मे महिन्याचा शेवटचा दिवस होता. साडेअकरा वाजले होते आणि टेम्पोच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. ती उतरली. लग्नकार्याला नेसायची ती मोरपंखी साडी नेसली होती. छातीशी मुलीची प्लॅस्टिकची फाइल धरली होती, तिच्यावर बाहुलीचं चित्र होतं.

माझा धंदा मंडपाचा. त्या कॉलेजात मी पंधरा वर्षं मंडप घालत होतो. गॅदरिंग असो, झेंडावंदन असो, पाहुणे येणार असोत, बांबू-पडद्यांचा टेम्पो मागच्या गेटनंच आत घ्यायचा. त्या दिवशी टेम्पोत बांबू नव्हते, बायको होती. तरी स्टिअरिंग आपोआप तिकडं वळलं. तिला वाटलं, मी मुद्दाम आणलं. ते मुद्दाम नव्हतं. नंतर जे केलं ते मुद्दाम केलं.

दगडू वॉचमन लिंबाच्या सावलीत बसला होता. बसल्या जागेवरून ओरडला, "काय मंडप? सुट्टीत कसला कार्यक्रम?"

"बायको कॉलेज शिकणारे," मी म्हणालो. असं म्हणालो की त्यानं हसावं.

तो हसलाच. "वहिनी, मग हळदीकुंकू ठेवा प्राचार्याच्या केबिनात!"

"दगडूभाऊ," ती म्हणाली, "तुमची जयश्री कितवीला आहे?"

"तिनं नववीला सोडली शाळा."

"सोडली का सोडवली?"

दगडूनं तंबाखूची पुडी काढली आणि तिच्यात बघत बसला.

आम्ही आठ दिवस एकमेकांशी धड बोललो नव्हतो. भांडणाची सुरुवात जानेवारीतच झाली होती. कॉलेजात पाण्यावर कसलं तरी चर्चासत्र होतं. स्टेजचा मागचा पडदा वाऱ्यानं फाटला म्हणून मी बायकोला सुई-दोरा घेऊन बोलावलं. आमच्याकडचे सगळे पडदे, झालरी तीच शिवायची. ती पडद्यामागं बसून टाके घालत होती आणि पुढं भूगोलाच्या लोहकरे मॅडम बोलत होत्या, आपल्या तालुक्यातल्या विहिरी डिसेंबरातच का आटतात यावर. टाके संपले तरी ही उठेना. कार्यक्रम संपल्यावर सरळ मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या माहेरची विहीर आटत नाही. तिला खाली काळा दगड आहे. ते कसं?" मॅडमनं तिला अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, "किती शिकलात?" ही म्हणाली, "बारावी पास." मॅडम म्हणाल्या, "मग इथं पडदे काय शिवताय?"

त्या एका वाक्यानं माझं घर फिरलं. हिचं लग्न बारावीच्या निकालाआधी झालं होतं. पास झाल्याचं तिला माझ्या घरी कळलं. त्याला सोळा वर्षं झाली होती. आमची मुलगी आठवीत होती. आणि ही आता बी. ए. करायचं म्हणत होती, तेही घरी बसून नाही. रोज वर्गात जाऊन.

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं होतं.

"लोकांना मंडप पाहिजे तेव्हा येतील. तेव्हा विचारू."

कॉलेजचा एक नियम होता. ज्यांचं शिक्षण मधे सुटलंय त्यांनी उन्हाळ्यातच अर्ज द्यायचा, म्हणजे प्राचार्य मंजुरी देणार. शेवटची तारीख एकतीस मे. ती म्हणाली, सह्या लागतील, सोबत चला. मी म्हणालो, चल.

कॉलेज सुट्टीत अगदी मोकळं होतं. मैदानावर एक गाढव होतं, बाकी कोणी नाही. वर्गांना कुलपं होती. ती प्रत्येक खिडकीला हातांचा आडोसा करून आत बघत चालली.

"काय बघतेस? बाकडी?"

"मुली कुठल्या बाजूला बसतात?"

"तू कुठल्या बाजूला बसणार? पोरी अठरा वर्षांच्या. त्यांच्या आयांच्या ओटीत तू नारळ घातलेत."

"मग त्या मला घाबरून असतील."

"पोरं मागून काय म्हणतील ठाऊक आहे? मंडपवाली आली, मंडपवाली."

"म्हणू द्या. तुम्हाला सगळं गाव मंडप म्हणतं. मेलात का?"

भूगोलाच्या खोलीच्या खिडकीला एक काच नव्हती. आत भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा होता, खालचा कोपरा उंदरानं खाल्लेला. तिनं त्या फटीतून आत हात घातला. काही हाताला लागलं नाही. लागणारही नव्हतं, नकाशा दहा फूट लांब. हात तसाच ठेवून ती उभी राहिली.

"चल," मी म्हणालो. "ऑफिस जेवायला बंद होईल."

ऑफिसात डोईफोडे भाऊसाहेब एकटेच होते. कॉलेजचे हेडक्लार्क. डोक्यावर पंखा होता आणि तो फक्त त्यांच्याच डोक्यावर फिरत होता. मला बघून म्हणाले, "मिसाळ, जुलैतल्या कार्यक्रमाचं नंतर बघू. आज मला वेळ नाही."

"मंडपाचं नाही, भाऊसाहेब. ॲडमिशनचं."

"मुलगी बारावी झाली का? मला वाटलं लहान आहे."

"माझं आहे," बायको म्हणाली आणि फाइल टेबलावर ठेवली.

भाऊसाहेबांनी आधी फाइलवरची बाहुली बघितली, मग तिला बघितलं, मग मला. "चेष्टा करता का राव?"

"शेवटची तारीख आज आहे ना?" ती म्हणाली.

"तारीख आहे. पण बाई, मी म्हणतो कशाला? घरी बसून परीक्षा द्या. इथं वर्गात उकाडा, पोरांचा दंगा..."

"तुम्ही पोरांना सांगा ना दंगा करू नका म्हणून. तुमचं ऐकत असतील."

पोरं डोईफोड्यांचं काय ऐकायची ते सगळ्या गावाला माहीत होतं. भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि एकेक कागद पुसल्यासारखा उलटा-सुलटा करू लागले. बारावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड. मग त्यांची बोटं थांबली. ते खूश झाले, मला दिसलं.

"दाखल्यावर कालिंदी नारायण बोराडे."

"हो."

"रेशनकार्डावर शोभा रंगनाथ मिसाळ."

"हो. लग्नात नाव बदललं."

"गॅझेटमध्ये छापून आणलं का?"

"नाही."

"लग्नाची नोंद?"

"तेव्हा कोण करत होतं?"

"मग ही शोभा कोण, हे मला कसं कळणार?"

ती टेबलाला वळसा घालून भाऊसाहेबांच्या मागं गेली. "जरा पुढं सरका," म्हणाली. ते गोंधळून पुढं सरकले. त्यांच्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर लाल रंगात छाप होता, 'शोभा'. "ही," ती म्हणाली. "सोळा वर्षं गावाच्या पाठीला लागली आहे."

ती खुर्ची आमची होती. जानेवारीच्या कार्यक्रमानंतर भाऊसाहेबांनी ती ठेवून घेतली होती आणि पुढची ऑर्डर जाईल म्हणून मी मागितली नव्हती. आमच्या धंद्यात प्रत्येक वस्तूवर नाव घालावं लागतं, नाहीतर परत येत नाही. खुर्च्या, सतरंज्या, पातेली, झारे, पाण्याचे ड्रम, सगळ्यांवर 'शोभा'. नाव आधी दुकानाचं होतं. माझ्या लग्नाच्या आदल्याच आठवड्यात दुकानाची पाटी रंगवून आली होती, आणि 'शोभा मंडप डेकोरेटर्स' हेसुद्धा पेंटरनंच सुचवलं होतं. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं होतं. भटजी घाई करत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी पाटीवरचं लिहिलं. माझे मावसभाऊ तिथंच हसले, "दुकानाचं नाव बायकोला दिलं, आता भाड्यानं देऊ नको." ती तेव्हा मान खाली घालून बसली होती. सोळा वर्षांत त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

त्या दिवशी ऑफिसात बोलली.

भाऊसाहेबांना खुर्चीचा विषय नको होता. ते एकदम मऊ झाले. "असं करू," म्हणाले. "नियमात बसवू. ओळखीच्या माणसानं लिहून दिलं तर मी कागद घेतो. नवरा समोर आहेच." त्यांनी एक रेघांचा कागद ओढला आणि भराभर लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं:

"मी खाली सही करणार लिहून देतो की, कालिंदी नारायण बोराडे व शोभा रंगनाथ मिसाळ ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. मी कालिंदी नारायण बोराडे यांस अमुक वर्षांपासून ओळखतो." त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. "आकडा घाला आणि सही करा. झालं काम."

पेन माझ्या हातात दिलं. बायको माझ्याकडं बघत नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती, वर्गांकडं. तिच्या मनात ॲडमिशन झालीच होती.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी कसं लिहून देऊ, भाऊसाहेब?"

"म्हणजे?"

"मी हिला लग्नाआधी कधी बघितलं नव्हतं. माझ्या वडिलांनी पसंत केली. बोराड्यांची कालिंदी कोण, मला काय माहीत? माझ्या घरात आली ती शोभा. खोटं कसं लिहायचं?"

भाऊसाहेबांना हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला. "मिसाळ," म्हणाले, "मुद्द्याचं बोललात!"

बायको वळली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. एखादा अनोळखी माणूस पत्ता विचारायला दारात यावा आणि आपण त्याला बघावं, तसं. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर मी कदाचित सही केली असती. ते मला आता वाटतं, तेव्हाचं माहीत नाही.

"दुसरं कोण लिहून देऊ शकतं?" तिनं भाऊसाहेबांना विचारलं.

"माहेरचं कोणी चालेल. पण इथं माझ्यासमोर पाहिजे. आणि पाच वाजता मी कुलूप लावतो. पाच म्हणजे पाच."

तिनं तो रेघांचा कागद उचलला, बाहुलीच्या फाइलमध्ये घातला आणि निघाली. मी मागं गेलो. ती टेम्पोकडं वळली नाही. मैदानातून सरळ पुढच्या गेटकडं चालली. तिथून बसस्टँड दिसतो. तिचं माहेर बावीस किलोमीटर.

"शोभा!" मी ओरडलो.

ती थांबली नाही.

"ए शोभा! ऊन बघ किती आहे!"

दगडूनं पण लिंबाखालून साथ दिली, "ओ शोभावहिनी!" गाढवानं मान वळवली, तिनं नाही. पुढच्या गेटची मोठी कमान होती, तिच्याखालून ती गेली. पंधरा वर्षांत मी त्या कमानीला हजार वेळा फुलांच्या माळा बांधल्या होत्या. शिडीवर चढून. तिच्याखालून आत मात्र कधी आलो नव्हतो.

मी घरी जायला पाहिजे होतं. गेलो नाही. ती परत येते का, ते बघायचं होतं. खरं सांगायचं तर, येत नाही हे बघायचं होतं. भाऊसाहेबांनी डबा उघडला आणि मला हाक मारली. "या मिसाळ. चांगली जिरवली. बायकांना एकदा रस्ता दिला ना, मग टेम्पो आपल्याला चालवता येत नाही."

मी टेबलासमोर उभा होतो. ते भाकरी खात होते.

"माझी पण एकदा म्हणत होती, शिवणक्लास लावते," ते म्हणाले. "मी म्हणालो, लाव, आणि तिथनं सरळ तुझ्या बापाच्या घरी जा. पुन्हा नाव नाही घेतलं." ठेचा चाटून त्यांनी विचारलं, "तुमची बारावी, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त की हो. तुम्ही किती?"

"आठवी."

"पास?"

त्यांना उत्तर नकोच होतं. भिंतीला लागून तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. पंधरा वर्षांत कधीच म्हटलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी वाटलं. दीड वाजता मी बाहेर येऊन टेम्पोत बसलो. तिथं बसवत नव्हतं, म्हणून टेम्पोच्या सावलीत जमिनीवर बसलो. संडासाच्या टाकीचा वास येत होता.

तीन वाजले. चार वाजले. साडेचारला मी उठून कपडे झटकले. मनात म्हणालो, संपलं.

पाचला वीस कमी असताना पुढच्या कमानीतून दोघी आत आल्या. एक मोरपंखी साडी आणि तिच्या हाताला धरून एक काष्टा घातलेली, पांढऱ्या केसांची म्हातारी. माझी सासू. सासरे वारून सहा वर्षं झाली होती आणि मेव्हणा त्या दिवशी बाजाराला गेला होता. सासू सत्तरीला आलेली. तिचे पाय सुजायचे. एसटीच्या त्या उन्हातल्या पत्र्यात बसून ती आली होती.

माझ्यापाशी येऊन थांबली. पदर सारखा केला. "जावईबापू, उन्हात कामून बसलाव? आत कोणी बसू देत नाही का?"

ती पुढं गेली. मी मागोमाग गेलो आणि ऑफिसच्या दारात उभा राहिलो.

भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना ते अजून पुढं सरकायला पाहिजे होतं. "आजी, कोण तुम्ही?"

"हिची माय."

"पुरावा?"

"ही काय," सासूनं बायकोच्या हनुवटीला धरून तिचं तोंड भाऊसाहेबांकडं वळवलं. "नाक बघा आणि माझं बघा."

नाक एकच होतं. कोणीही सांगितलं असतं.

"बरं. ही कोण?"

"माझी कालिंदी."

"आणि शोभा कोण?"

सासूनं वळून दारात माझ्याकडं बघितलं. "ते ह्यांचं दुकान," ती म्हणाली.

भाऊसाहेब हसले नाहीत. हसायची हिंमत झाली नाही. बायको म्हणाली, "आई, सरळ सांग." तेव्हा सासू म्हणाली, "लग्नात नाव बदललं. मी तिथंच होते. तांदळात लिहिलं होतं. तांदूळ आमचे होते."

"अंगठा लावा इथं. आणि हा आकडा राहिलाय. कालिंदीला किती वर्षांपासून ओळखता?"

"आता पोळ्याला तिला चौतीस पुरी होतील." सासूनं शाईत अंगठा बुडवला. "वर नऊ महिने लिहा."

"नऊ महिने लिहिता येत नाहीत, आजी."

"का? ते काय तुम्ही काढले?"

भाऊसाहेबांनी लिहिलं. मी बघितलं, 'चौतीस वर्षे नऊ महिने'. त्याखाली अंगठा, आणि धप्पकन शिक्का.

परत जाताना बायको टेम्पोत बसली नाही. आईला घेऊन रिक्षानं घरी गेली. संध्याकाळी मी घरात गेलो तर दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "शोभा, पाणी दे."

तिनं वर बघितलं नाही. "शोभा गोडाऊनला आहे. तिकडून घ्या."

मी ते चेष्टेवारी नेलं. चेष्टा नव्हती. त्या दिवसापासून ती त्या नावाला कधी ओ म्हणाली नाही. भाकरी वाढली, पडदे शिवले, माझ्या आजारपणात रात्री जागली. जे करायचं ते सगळं केलं. पण शोभा म्हणून हाक मारली की घरात कोणी नसायचं. आणि मी हट्टी, कालिंदी म्हणायला माझी जीभ वळेना. मी 'अगं', 'ऐकलं का', 'इकडं ये' यावर वर्षं काढली. मुलगी विचारायची, "बाबा, आईला नाव नाही का?"

ती बी. ए. झाली. भूगोल घेऊन. तीन वर्षं पुढच्या गेटनं गेली आणि आली. पोरांनी पहिले आठ दिवस मंडपवाली म्हटलं. मग मावशी म्हणायला लागली. मग परीक्षा जवळ आली की वह्या मागायला माझ्या दुकानात यायची. पदवीच्या कार्यक्रमाचा मंडप माझाच होता. माइकवर नाव पुकारलं, 'कालिंदी नारायण बोराडे', आणि टाळ्या झाल्या. मी स्टेजमागं दोरी धरून उभा होतो. पडदा ढिला झाला होता म्हणून धरून ठेवावा लागला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मी त्या दिवशी सही का केली नाही, ते तिनं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी लोकांचं नाव सांगितलं असतं. घराचं, मुलीचं, धंद्याचं सांगितलं असतं. ते काही खरं नव्हतं. त्या कॉलेजात मी पंधरा वर्षांत लाखभर खुर्च्या मांडल्या असतील. एकीवरही बसलो नाही. आणि ती पहिल्या दिवशी येऊन आत बसणार होती. एवढंच होतं.

तिच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी पोटात गाठ निघाली. केसपेपर काढताना मी सवयीनं शोभा मिसाळ सांगितलं. दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही बसलो होतो. नर्सनं पुकारलं, "शोभा मिसाळ!" ती हलली नाही. नर्सनं पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, चिडून. तेवढ्यात दुसरीच बाई आत जायला उठली. माझ्या बायकोला उभं राहायची ताकद नव्हती, पण ते कारण नव्हतं. ती समोरच्या भिंतीकडं बघत बसली होती. नंबर जात होता.

"कालिंदी," मी म्हणालो. "ऊठ. आपला नंबर आहे."

तिनं माझ्या खांद्याला धरायला हात पुढं केला. "आलं का तोंडात," म्हणाली, आणि उठली.

त्यानंतर ती चार महिने होती. त्या चार महिन्यांत मी तिला किती हाका मारल्या असतील. काम नसताना पण मारायचो. ती म्हणायची, "ऐकू येतं, किती वेळा?"

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. नगरपरिषदेत मृत्यूचा दाखला काढायला मी एकटाच गेलो. मुलगी म्हणाली होती मी येते, मी नको म्हणालो. खिडकीवर एक तरुण मुलगी होती, बोलायला चांगली. तिनं कागद बघितले आणि म्हणाली, "काका, दवाखान्याच्या कागदावर शोभा रंगनाथ मिसाळ आहे आणि आधारवर कालिंदी नारायण बोराडे."

"हो."

"दोन्ही एकच ना?"

"एकच."

"मग तसं लिहून द्यावं लागेल. माहेरचं कोणी आहे का?"

"आई होती तिची. ती पण गेली. तुम्ही द्या कागद."

तिनं छापील फॉर्म दिला. खाली तीच ओळ होती, जवळजवळ त्याच शब्दांत. मी कालिंदी नारायण बोराडे यांस टिंबटिंब वर्षांपासून ओळखतो. "बसून भरा, काका," ती म्हणाली आणि खुर्चीकडं बोट केलं.

मी बसलो. आकडा घातला, सही केली, कागद परत दिला.

तिनं वाचला आणि थांबली. "लग्नाला तीस वर्षं झाली असं तुम्ही वर लिहिलंय."

"हो. तीस."

"मग इथं चौदा कसं? चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. "चौदाच."